पिवळ्या फुलांची ओळख

(सुवर्णमहोत्सवी वसंत व्याख्यानमालेत मंडळाच्या वनविहार शाखेच्या वतीने दिलेले भाषण)



साहित्य, संगीत आणि इतिहास या विषयांवरील अधिकारी वक्त्यांच्या पंक्तीत आम्हां रानोमाळ हिंडणाऱ्या मंडळींनाही पाट मांडून दिला, याबद्दल आम्ही कार्यकारिणीचे ऋणी आहोत. महोत्सव सुवर्णाचा आहे, तेव्हा विषयही सुवर्णवर्णाचाच घ्यावा असे आम्ही ठरविले. माघापासून वैशाखापर्यंत बंगळूरच्या परिसरातील रानांत आणि खुद्द शहराच्या रस्त्यांवर जी पिवळी फुले दिसतात, ती ओळखावी कशी, एवढाच आजचा विषय आहे.

मराठीत ‘ओळख’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. सोनार सोने ओळखतो, ती एक ओळख. आणि शेजारी नव्याने राहावयास आलेल्या कुटुंबाशी होते, ती दुसरी. पहिलीत पारख असते, दुसरीत संबंध जडतो. वनस्पतिशास्त्राचे पुस्तक आपणांस पहिल्या ओळखीपर्यंत आणून सोडते. दुसरी ज्याची त्याने करून घ्यावयाची असते. आणि आपल्यासारख्या घर सोडून दूर आलेल्या माणसांना या दुसऱ्या ओळखीचीच अधिक गरज असते, असे आम्हांस वाटते.

सहलीत मुले विचारतात, “हे पिवळे झाड कोणते?” आपल्यातील वडीलधारी मंडळी बहुधा उत्तर देतात, “बहावा असेल.” बहाव्याचे नाव अजून ओठांवर आहे ही समाधानाची गोष्ट खरी; पण त्या एका नावाखाली आपण निदान चार-पाच निरनिराळी झाडे गोळा करीत असतो. मुलांच्या पिढीत तर तेही नाव गळून पडते आणि उरते केवळ ‘पिवळे फूल’. ज्याला नाव नाही त्याची कोणी चौकशी करीत नाही, आणि ज्याची चौकशी नाही ते एके दिवशी नाहीसे झाले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून नावापासून प्रारंभ करणे भाग आहे.

तत्पूर्वी, पाहावयाचे कोठे, हे निश्चित केले पाहिजे. आपली मुले इंग्रजी पुस्तकांतून वसंताची वर्णने वाचतात. त्या देशांत वसंतातील पिवळी रानफुले झाडांच्या पायाशी, जमिनीलगत फुलतात. तेथे उणीव असते ती प्रकाशाची. वरच्या झाडांना पालवी फुटून सावली दाटण्यापूर्वी तळाच्या रोपट्यांना आपला संसार उरकून घ्यावा लागतो. आपल्या रानात गोष्ट उलट आहे. येथे फाल्गुन-चैत्रात प्रकाशाला तोटा नाही. तोटा आहे तो पाण्याचा. म्हणून जमिनीवरची बहुतेक रोपटी बी, कंद किंवा गड्डा होऊन पावसाची वाट पाहतात. काळ्या मुसळीची चांदणीसारखी इवली पिवळी फुले पहिल्या सरींनंतरच मातीतून वर येतात. उन्हाळ्यात फुलण्याचे धाडस करतात ती मोठी झाडे, कारण त्यांची मुळे खोल गेलेली असतात आणि काहींच्या खोडांत पाण्याचा साठाही असतो. पाने झडलेली असल्यामुळे फूल लांबून दिसते, आणि पावसाच्या सुमारास किंवा त्याआधी बी तयार ठेवता येते. सारांश, आपल्या वसंतातील रानफुले पाहावयाची असतील तर मान खाली घालून भागत नाही, ती वर करावी लागते.

बंगळूरच्या दक्षिणेस बन्नेरघट्टा आणि पश्चिमेस मागडीकडे सावनदुर्ग ही रुक्ष, पानगळीची, काटेरी झुडपांची राने आहेत. मध्ये मध्ये काळ्या-करड्या दगडाचे प्रचंड उघडे कातळ. या मुलखाशी आपला संबंध आजचा नव्हे. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले, पुढे ते शहाजीराजांकडे जहागिरीदाखल आले, आणि केंपेगौडांच्या घराण्याने मागडीकडे आपले ठाणे हलविले. त्या काळी राजांच्या पदरी जी मराठी माणसे या बाजूस आली, त्यांनी चैत्रात जे पिवळे रान पाहिले असेल, त्यातील तीन झाडे आजही तेथे उभी आहेत: सोनसावर, तरवड आणि बहावा. प्रथम या तिघांची ओळख करून घेऊ.

सोनसावर सर्वांआधी फुलते. माघ-फाल्गुनात, अंगावर एकही पान नसताना, वेड्यावाकड्या राखी फांद्यांच्या टोकांशी तळहाताएवढी, झळझळीत पिवळी फुले येतात. पाच सुट्या पाकळ्या आणि मध्यभागी केसरांचा दाट झुबका ही तिची खूण. ती बहुधा खडकाळ, निकृष्ट जमिनीत, डोंगरउतारावर वाढते. काटेसावरीशी तिचे साम्य दिसते ते मुख्यत्वे फळात. फळ तपकिरी, पेरूसारख्या आकाराचे; ते फुटले की आतून रेशमी कापूस बाहेर पडतो आणि उन्हाळी वाऱ्याबरोबर बी घेऊन उडून जातो. तिच्या खोडाचा डिंक औषधात आणि अन्य कामांत वापरला जातो. शास्त्रीय नाव कॉक्लोस्पर्मम रिलिजिओसम. कोठे तिला गणेरही म्हणतात. कानडीत तिला ‘अरिशिन बूरुग’ म्हणतात. अरिशिन म्हणजे हळद आणि बूरुग म्हणजे सावर. एकाच फुलात आपल्या पूर्वजांना सोने दिसले आणि आपल्या शेजाऱ्यांच्या पूर्वजांना हळद. दोघांच्याही मते ते मंगल होते, हे महत्त्वाचे.

या फुलाची एक मौज सांगण्याजोगी आहे. त्यात मध नाही; आहे तो केवळ पराग, आणि तोही केसरांच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडणारा. मोठा काळा भुंगा फुलाला बिलगतो आणि पंख न हलविता अंग थरथरवितो, तेव्हा त्या कंपनाने पराग पिचकारीसारखा उडतो. जवळ उभे राहिल्यास त्या वेळी गुंजारवाचा सूर बदललेला कानांस स्पष्ट कळतो. रानात पिवळ्या फुलांची एवढी रेलचेल का, याचे उत्तरही थोडेबहुत येथेच आहे. मधमाश्या व भुंगे यांना पिवळा रंग उत्तम दिसतो, तांबडा नीटसा दिसत नाही. पळस, पांगारा, काटेसावर यांचा तांबडा रंग मुख्यतः पक्ष्यांना बोलावणे धाडतो. पिवळ्या रंगाचे आमंत्रण बहुशः भुंग्यांना असते.

दुसरा तरवड. हे झाड नव्हे, झुडूप. फार तर पुरुषभर उंचीचे. महाराष्ट्राच्या पठारावरून आलेल्यांना त्याची ओळख करून देण्याची गरज नसावी. नवरात्रात घटावर जी माळ चढते, तीत कित्येक गावी तरवडाची फुले असतात. पाकळ्या पाच, थोड्या चुरगळल्यासारख्या. पाने चिंचेच्या पानांसारखी पण मोठी. शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ आणि तपकिरी. गुरे सहसा त्याला तोंड लावीत नाहीत, म्हणून चराऊ माळावर तो टिकून राहतो आणि वर्षाचे बहुतेक महिने फुलतो. त्याच्या सालीने कातडे कमाविण्याचा धंदा दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या चालला. तेलंगणात त्याला ‘तंगेडु’ म्हणतात. तेथील बतुकम्मा उत्सवात त्याला मानाचे स्थान आहे आणि त्या राज्याचे ते राज्यपुष्प आहे. कानडीत ‘आवरिके’ किंवा ‘तंगडी’. हे दुसरे नाव ऐकून आमच्या बालचमूत हशा पिकतो. परंतु हसत हसत पाठ झालेले नाव विसरत नाही, हा आमचा अनुभव आहे.

तिसरा बहावा, म्हणजे संस्कृतातील आरग्वध, कानडीतील कक्के, शास्त्रीय भाषेत कॅसिया फिस्टुला. चैत्र-वैशाखात पाने जवळजवळ झडतात आणि हातभर लांबीचे पिवळे घोस खाली लोंबू लागतात. ‘खाली लोंबतात’ हे शब्द कृपया ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे. प्रत्येक फुलात दहा केसर, त्यांपैकी तीन लांब आणि डौलाने वाकलेले. शेंग दंडगोल, काळीभोर, हात-दीड हात लांब. आत नाण्यांच्या चळतीसारखे कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात चिकट मगजात एकेक बी. हा मगज सौम्य रेचक म्हणून आयुर्वेदास ठाऊक आहे. रानात माकडे, कोल्ही, अस्वले तो खातात आणि बी दूरवर नेऊन टाकतात. केरळात विषूच्या पहाटे प्रथम दर्शन घ्यावयाच्या वस्तूंत ही फुले हवीतच. बहावा फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस येतो, असा आपल्याकडील शेतकऱ्यांचा समज आहे.

येथे एका जुन्या वादाचा उल्लेख करणे अस्थानी होणार नाही. कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या तिसऱ्या सर्गात वसंतवर्णन करताना कर्णिकाराचा रंग वाखाणला आहे आणि त्याला गंध नाही याची खंत केली आहे. हा कर्णिकार म्हणजे कोणते झाड? काहींच्या मते बहावा, काहींच्या मते कनकचंपा. अमरकोशात कर्णिकार आणि आरग्वध यांची नोंद वेगवेगळी आहे, हे दुसऱ्या पक्षाचे बळ. परंतु कनकचंपा सुवासासाठी प्रसिद्ध आहे. ज्याच्या निर्गंधतेने कवीला हळहळ वाटली ते फूल तो असणे कठीण दिसते. फूल ओळखण्यासाठी नाकाचीही साक्ष काढावी लागते, एवढा बोध आपण या वादातून घेऊ.

आता रानातून शहरात येऊ. फेब्रुवारी-मार्चमध्ये बंगळूरचे रस्ते, उद्याने आणि शिक्षणसंस्थांची आवारे ज्या पिवळ्या झाडाने उजळून निघतात, ते आपल्यातील पुष्कळांना येथलेच वाटते. ते टॅबेबुया, मूळचे दक्षिण अमेरिकेतील. त्याचे फूल कर्ण्याच्या आकाराचे, पाकळ्या बुडाशी जुळलेल्या, आणि पान हाताच्या बोटांसारखे पाच-सात पर्णिकांत विभागलेले, रुपेरी झाक असलेले. या दोन खुणा पाहिल्या की बहाव्याशी घोटाळा होण्याचे कारण नाही. त्यापुढे फुलतो सोनमोहर. पाने गुलमोहरासारखी बारीक, कळ्या गंजाच्या रंगाच्या, तुरे आकाशाकडे ताठ उभे, आणि शेंगा चपट्या तांबूस, जणू तांब्याच्या पत्र्यातून कातरलेल्या. त्याचे माहेर आग्नेय आशिया आणि आसपासची बेटे. त्याच्या पाकळ्यांचा सडा पडला की रस्त्यावर कोणी हळद सांडली असे भासते.

हे पाहुणे आले कसे, याचा इतिहासही मनोरंजक आहे. लालबागेची स्थापना हैदर अलीने १७६० साली केली, तेव्हापासून परदेशी झाडे आणवून लावण्याची परंपरा या नगरीत आहे. विसाव्या शतकात तिला शिस्त दिली ती गुस्ताव्ह क्रुम्बिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाने. हे गृहस्थ १९०८ साली म्हैसूर संस्थानात आले, आणि त्यापूर्वी ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत होते, हे ऐकून आपणां सर्वांस आनंद होईल. एक झाड कोमेजावयास लागावे तो दुसरे फुलावे, अशा क्रमाने वर्षभर रस्ते फुलते ठेवण्याच्या कल्पनेचे श्रेय त्यांना दिले जाते. पुढे १९८० च्या दशकात वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांनी या शहरात सुमारे पंधरा लक्ष रोपे लावून घेतली. नेगिनहाळ २०२१ साली निवर्तले. त्यांची झाडे आज आपल्यावर सावली धरून आहेत.

तेव्हा, बाहेरून आले म्हणून झाड वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. आपण स्वतः बाहेरून आलेली माणसे आहोत. असा न्याय आपल्या तोंडी शोभणारही नाही. दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, आणि आज त्याच्यावाचून आपले तोरण पुरे होत नाही. पाहुण्याची परीक्षा त्याच्या गावावरून करू नये, वागणुकीवरून करावी. टॅबेबुया रस्त्याच्या कडेला आपली जागा सांभाळून आहे. पण सर्वच तसे नसतात, आणि आजच्या विषयातील खरी चिंतेची गोष्ट हीच आहे.

सेन्ना स्पेक्टॅबिलिस नावाचे एक पिवळ्या फुलांचे झाड आहे. तेही उष्ण कटिबंधातील अमेरिकेचे. सावलीसाठी व शोभेसाठी ते आपल्या देशात लावले गेले आणि तेथून रानांत शिरले. आज वायनाड, मुदुमलै, बंदीपूर, नागरहोळे या सलग वनप्रदेशात त्याने फार मोठी जागा व्यापली आहे. ते झपाट्याने वाढते. तोडले तर बुंध्यापासून अनेक फांद्यांनी पुन्हा फुटते. त्याच्या दाट छायेखाली गवत आणि देशी रोपे तग धरीत नाहीत. गवत गेले की हरणे व गवे यांचा चारा गेला, आणि त्यांच्यामागोमाग वाघाचेही भक्ष्य गेले. वनखाती ते मुळासकट उपटून आणि साल सोलून निपटून काढण्याचे प्रयत्न करीत आहेत; पण ते काम कष्टाचे आणि वर्षानुवर्षे चालणारे आहे.

हे झाड फुललेले असताना आपण मोटारीतून जातो आणि हर्षभराने उद्गारतो, “पाहा, बहावा कसा फुलला आहे!” केरळात त्याला रूढ झालेले ‘मंजक्कोन्ना’, म्हणजे पिवळा बहावा, हे नावच सांगते की डोळ्यांना ही भूल किती सहज पडते. म्हणून मघाचे शब्द आठवावेत. बहाव्याचे घोस खाली लोंबतात. याचे तुरे फांदीच्या टोकाशी वर उभे राहतात. बहाव्याच्या पानात मोठ्या पर्णिकांच्या चार ते आठ जोड्या. याच्या पानात लहान पर्णिकांच्या त्याहून पुष्कळ अधिक. बहावा फुलताना बहुधा निष्पर्ण. हे मात्र हिरव्या पानांनिशी, आणि बहुधा पावसाळ्यानंतर फुलते. एवढ्या तीन खुणा दहा वर्षांच्या मुलालाही पुरतात, आणि त्या खुणांवर एका अरण्याचे सुखदुःख अवलंबून आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जे परके आहे त्याला आपण आपले म्हणतो, आणि जे खरोखर या मातीचे आहे त्याला ‘येथे काही नाही’ म्हणतो. सोनसावर आणि तरवड ज्या रानात वाढतात ते वर्षाचे सात-आठ महिने रुक्ष, करडे, खुरटे दिसते. अशा जमिनीला सरकारी कागदांत आणि आपल्या बोलण्यातही ‘पडीक’ हा शब्द चटकन लागतो. शहराच्या कडेला कनकपुरा मार्गालगत तुरहळ्ळीचे असेच एक छोटे रान आहे. तेथे वृक्षोद्यान करण्याचा बेत २०२१ साली पुढे आला, तेव्हा शेकडो नागरिकांनी विरोध केला आणि तो मागे पडला. खुरट्या रानाला उद्यानाहून अधिक मोल असू शकते, हे त्या नागरिकांना कसे कळले? त्यांतील पुष्कळ जण तेथे वर्षानुवर्षे हिंडत होते. त्यांची त्या रानाशी ओळख होती. ज्या रानाची ओळख आहे, त्याला पडीक म्हणावयास जीभ धजत नाही.

आता चार व्यावहारिक सूचना. फूल ओळखताना नुसत्या रंगावर विसंबू नये. पान, शेंग किंवा फळ, फुलोरा खाली लोंबतो की वर उभा राहतो, आणि महिना कोणता, या चार गोष्टी पाहिल्यावाचून नाव उच्चारू नये. फूल तोडू नये. खाली पडलेले उचलावे. अनोळखी पिवळे फूल वा बी मुलांना तोंडात घालू देऊ नये. बंगल्यांच्या कुंपणाशी दिसणारी बिट्टी, जिला आपण पिवळी कण्हेर म्हणतो, अत्यंत विषारी आहे. आणि पडक्या जागी उगवणाऱ्या काटेरी पिवळ्या धोत्र्याचे बी मोहरीच्या तेलात मिसळले गेल्याने १९९८ साली दिल्लीत कित्येकांनी प्राण गमावले. आणि चौथी सूचना: नाव केवळ पुस्तकाला विचारू नये. लालबागेतला माळी, सावनदुर्गाच्या पायथ्याशी शेळ्या राखणारी आज्जी, फूलबाजारातील विक्रेती, यांना कानडीत विचारावे. “ई हूविन हेसरु एनु?” एवढे वाक्य आपणां सर्वांस येते. त्या प्रश्नाने फुलाची ओळख होते आणि माणसाचीही होते.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळापुढे आम्ही एक नम्र प्रस्ताव ठेवीत आहोत. मंडळाच्या ग्रंथालयात एक नोंदवही ठेवावी. तीत दिनांक, स्थळ, पाहिलेल्या खुणा आणि मराठी, कानडी व शास्त्रीय अशी तिन्ही नावे प्रत्येकाने लिहावीत. सोनसावरीचे पहिले फूल कोणत्या वर्षी कोणत्या तारखेला दिसले, बहावा केव्हा बहरला, तरवडाचा कोणता माळ घरांखाली गेला, हे आज क्षुल्लक वाटेल. पण पन्नास वर्षे नेटाने लिहिलेली अशी वही हवामान आणि नगरवाढ यांचा मोलाचा पुरावा ठरते. शिवाय आपली नातवंडे ती उघडतील तेव्हा त्यांना ‘तरवड’ हा शब्द आजीच्या हस्ताक्षरात सापडेल, आणि शेजारीच ‘आवरिके’ हा शब्दही. परमुलखात भाषा टिकविण्याचे जे मार्ग आपण शोधीत आहोत, त्यांत हाही एक असू द्यावा.

पहिले पान लिहिण्यासाठी पुढील रविवारी सकाळी सहा वाजता आमची शाखा सावनदुर्गास निघणार आहे. येणाऱ्यांनी पाण्याची बाटली, टोपी आणि पेन्सिल बरोबर घ्यावी. मुलांना अवश्य आणावे.